जुन्या गोव्यातला तो सरळ रस्ता

शुक्रवार

मावशी डिचोलीत असल्यामुळे आमचा गोवा म्हंजे डिचोली, मयेचा तलाव, नार्व्याचं देऊळ आणि मावशीचं अंगण, बीचवर आम्ही फार कधी गेलोच नाही. या वेळी कोल्हापूरहून निघताना मात्र डोक्यात एकच होतं, जुन्या गोव्यात ज्या रस्त्यावर माणसं लिलावात विकली जायची तो रस्ता चालून बघायचा. गेलं वर्षभर या विषयावर हाताला लागेल ते वाचत होते आणि सारखं हेच टोचत होतं की लहानपणापासून इथे येतेय तरी हे मला कुणी सांगितलंच नाही, शाळेत नाही, घरात नाही, कुठल्या गाइडने पण नाही.

आंबोली घाट उतरून सावंतवाडी. मावसभाऊ, म्हंजे आमचा दादा, डिचोलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो, तो कामासाठी तिथे आला होता, त्याच्याच गाडीतून पुढे निघालो. बांदा सोडल्यावर पत्रादेवीला त्याने काही न बोलता गाडी बाजूला घेतली, इथून जाताना तो थांबतोच. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्यात शिरत होते आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल इथे पडला. दादा चपला काढून हात जोडून उभा राहिला, मीही राहिले.

गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, दादा, या लोकांचं स्मारक झालं हे फार बरं झालं, पण पोर्तुगीज १५१० ते १९६१ इथे होते ना, त्यांच्या त्या साडेचारशे वर्षांत ज्यांचा सगळ्यात जास्त छळ झाला त्यातली एक जमात आपल्या हिशेबातच नाही. तो म्हणाला, इन्क्विझिशन? म्हटलं नाही, त्या धर्मन्यायालयाच्या छळाबद्दल आपण निदान बोलतो तरी, मी मोझांबिकहून जहाजात भरून आणलेल्या आफ्रिकन माणसांबद्दल म्हणतेय. दादा पेडणं येईस्तोवर गप्प होता. मग म्हणाला, मुलांच्या पुस्तकात यावर एक ओळ नाही गं, मीही कधी शिकवलं नाही.

रात्री मावशीने तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी केली होती. जेवताना विषय काढला नाही, प्रवासाने दमले होते.

शनिवार

डिचोलीहून जुन्या गोव्याला जायचे रस्ते दोन-तीन आहेत पण आम्ही मुद्दाम नार्व्यावरून गेलो कारण त्या वाटेने दोनदा फेरीबोट लागते, एकदा नार्व्याहून दिवाडी बेटावर आणि मग दिवाडीहून थेट जुन्या गोव्याच्या धक्क्यावर. नार्व्याला सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, दारावर शिलालेख आहे तो आम्ही लहानपणी बोटाने गिरवायचो. तिथे माझं मन नेहमी भरून येतं, आजही आलं.

आणि मग दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीत बसलो. समोर मांडवीच्या काठाला व्हाइसरॉयची कमान दिसायला लागते. ही कमान वास्को द गामाच्या पणतूने, फ्रान्सिस्को द गामाने, व्हाइसरॉय असताना १५९९ च्या सुमाराला उभी केली, नंतर पडझड होऊन १९५४ ला परत बांधली. नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा. लोक त्याचा फोटो काढतात आणि पुढे जातात. कमानीतून आत शिरून मागे वळून बघा, शहराच्या बाजूला हातात तलवार घेतलेली एक बाई आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलाय. कोण गोरं, कोण पायाखालचं हे शहरात शिरणाऱ्या प्रत्येकाला दगडात सांगून ठेवलेलं. नवीन व्हाइसरॉय आला की तो याच कमानीतून वाजतगाजत आत जायचा.

आणि गुलाम पण याच धक्क्यावर उतरायचे.

कमानीपासून आत जो रस्ता जायचा तो रुआ दिरेइता, म्हंजे सरळ रस्ता. सोनार, सराफ, रेशमाचे व्यापारी, सगळी श्रीमंत दुकानं या रस्त्यावर. दररोज सकाळी इथे लिलाव भरायचा. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत होता, त्याने पुढे १५९६ ला जे पुस्तक छापलं त्यात हा बाजार आहे. अरबी घोडे, मसाले, रेशीम, आणि त्याच ओळीत माणसं, जनावरं विकावीत तशी रोज विकली जातात असं तो लिहितो. त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी पिरार्द द लावाल हा फ्रेंच खलाशी मालदीवजवळ जहाज फुटल्यावर फिरत फिरत गोव्यात आला, १६०८ ते १६१० इथे होता, त्यानेही तेच बघितलं. बायकांना विकताना दलाल ओरडून सांगायचे, हिला शिवण येतं, हिला मुरांबे करता येतात, ही वाद्य वाजवते, ही अजून कुमारी आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बंद करून उठले होते. आज त्या जागेवर उभं राहून दादाला मोठ्याने सांगितलं, कारण मला वाटत होतं की ते इथे कुणीतरी मोठ्याने बोलायला पाहिजे.

जे विकले जायचे त्यात बंगालचे होते, मलायाचे होते, चीन-जपानचे सुद्धा होते, पण सगळ्यात जास्त राबवले गेले ते आफ्रिकेचे. मोझांबिकचा कारभारच १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा, तेव्हा जहाजांची ये-जा कायमची. एकेका फिदाल्गोच्या, म्हंजे पोर्तुगीज उमरावाच्या, घरी डझनावारी गुलाम. मडम चर्चला निघाली की पालखी उचलायला चौघं, छत्री धरायला एक, मागून उशी आणि गालिचा घेऊन अजून काही. ज्यांच्याकडे दुसरं उत्पन्न नाही ते गोरे लोक सकाळी गुलामांना पाणी, मिठाई, भरतकाम विकायला बाहेर पाठवायचे आणि संध्याकाळी त्यांची कमाई मोजून घ्यायचे, म्हंजे अख्खं घर दुसऱ्याच्या घामावर. बायंगिणीच्या झऱ्याचं पाणी घागरींतून शहरभर विकायचे ते हेच लोक. बायंगिणी आज पेपरात येते ती कचरा प्रकल्पाच्या भांडणामुळे, ते पाणी डोक्यावर वाहून आणणाऱ्यांचं नाव कुठे नाही.

आता तिथे काय आहे? डांबरी रस्ता, नारळाची झाडं, दोन्ही बाजूंनी गवत, उन्हात लावलेल्या टुरिस्ट गाड्या, टोप्या आणि काजू विकणारे. १९८६ पासून इथली चर्चेस जागतिक वारसा आहेत, तेव्हा फलकांची कमतरता नाही, कुठलं चर्च कुठल्या शैलीचं, कोणता खांब कोणत्या पद्धतीचा, सगळं लिहिलंय. मी कमानीपासून सें कॅथेड्रलच्या पुढेपर्यंत दोनदा जाऊन आले, प्रत्येक बोर्ड थांबून वाचला, गुलाम हा शब्द मला एकाही बोर्डवर दिसला नाही. एका गाइडला विचारलं, तो मराठीच बोलत होता, सांगलीच्या ग्रुपला घेऊन आला होता. म्हणाला, ताई, बाजार इथंच होता म्हणतात, पण लोक विचारत नाहीत, विचारलं तर सांगू. मला त्याचा राग नाही आला, त्याला तरी कुणी शिकवलंय.

दुपारी कॅथेड्रलच्या सावलीत बसून दादाशी बराच वेळ बोलले. पोर्तुगालमध्ये लागुश म्हणून गाव आहे, १४४४ साली आफ्रिकेतून आणलेली माणसं तिथे विकली, आज त्या गावात त्याच बाजाराच्या जागी म्युझियम आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरी इथे २०१८ ला एक स्मारक उघडलं, जमावाने ठार मारलेल्या काळ्या माणसांचं, चार हजार चारशेहून जास्त लोक, आणि प्रत्येक कौंटीसाठी, म्हंजे जिल्ह्यासाठी, एक असे आठशेच्या वर पोलादी स्तंभ, त्यावर नाव आणि तारीख. जिथे नाव नाही सापडलं तिथे अज्ञात असं कोरलंय, जागा रिकामी ठेवली नाही. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की त्या प्रत्येक स्तंभाची जोडप्रत बाहेर आडवी ठेवलीय, त्या त्या कौंटीने ती उचलून न्यावी आणि आपल्या गावात उभी करावी म्हणून. म्हंजे स्मारक राजधानीत करून मोकळं व्हायचं नाही, जिथे घडलं तिथल्या लोकांनी ते आपल्या दारात आणायचं.

दादा म्हणाला, पण ते त्यांनी केलेलं पाप आहे, ते त्यांनी फेडावं, आपण तर इथे गुलामच होतो ना. हा प्रश्न मला येणार हे माहीत होतं. पोर्तुगालने फेडावंच. २०२२ मध्ये अंतोनियो कोस्ता, ज्याचं वडिलांकडचं घर मडगावचं, पोर्तुगालचा पंतप्रधान म्हणून मोझांबिकला गेला आणि पोर्तुगीज सैन्याने तिथे विरियामूला केलेल्या १९७२ च्या हत्याकांडाला त्याने अक्षम्य म्हटलं. २०२४ ला पोर्तुगालच्याच राष्ट्राध्यक्षांनी गुलामगिरीची किंमत देशाने चुकवली पाहिजे असं म्हटलं आणि सरकारने लगेच हात झटकले, तिथे तो वाद चालू आहे, चालू दे. पण इथे विकत घेणारे फक्त गोरे नव्हते. सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांनी हुकूम काढले की हिंदू आणि मुसलमान मालकांनी ख्रिस्ती गुलाम ठेवू नयेत, मालक असल्याशिवाय असा हुकूम कोण काढेल? मोझांबिकच्या किनाऱ्यावर दीव-दमणच्या गुजराती वाण्यांचा पैसा आणि जहाजं या धंद्यात होती. आणि आपल्या पेशवाईतल्या पुण्यात बटकी आणि कुणबिणी, म्हंजे गुलाम बायका, विकत घेतल्या जायच्या, त्याचे कागद आपल्याच दप्तरात आहेत. रंग वेगळा, मालक वेगळा, पण खरेदीखत तेच. दादाने ऐकून घेतलं, पटलं असं म्हणाला नाही.

परत येताना फेरीत कुणीच फार बोललं नाही.

रविवार

पणजी. मांडवीच्या काठावर जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया या संमोहनविद्येत नाव कमावलेल्या गोमंतकीय पाद्रीचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ ला केलेला, अंगावर येणारा, समोरच्या बाईला संमोहित करताना. फारिया १७५६ चा, कांदोळीचा. त्याच्या गावच्याच पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट १७८७ चा, आणि त्यामागचं कारण आपल्या विषयातलंच आहे. गोव्याचे दोन पाद्री, शिकलेसवरलेले, बढतीसाठी लिस्बनला जातात आणि एतद्देशीय म्हणून हात हलवत परत येतात. पुढे सत्तेचाळीस जण पकडले, पंधरा जणांना १७८८ मध्ये पणजीत हाल करून मारलं. ते पोस्ट ऑफिसजवळच्या चौकात झालं असं सांगतात. आम्ही तिथे गेलो, रविवारमुळे चौक रिकामा होता, कोपऱ्यावर चहा घेतला.

वास्तविक १७६१ मध्ये पोंबाल या पोर्तुगीज मंत्र्याने कायदा केला होता की गोव्याचे ख्रिस्ती आणि पोर्तुगालचे गोरे बरोबरीचे, आणि त्यांना काळे, मिस्तीस (मिश्र रक्ताचे) वगैरे हिणवून बोलणाऱ्याला शिक्षा. इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो कायदा तेरा वर्षं दाबून ठेवला, १७७४ ला कुठे तो गोव्यात जाहीर झाला. पण त्या कायद्यात सुद्धा इथल्या गुलामांची सुटका नव्हती. १७६१ मध्येच पोर्तुगालच्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम मुक्त असा दुसरा कायदा झाला, तो इथल्यांना लागू नव्हता. गुलामांच्या व्यापारावर बंदी १८३६, आणि गुलामगिरी सगळ्या पोर्तुगीज मुलखात रद्द झाली ती १८६९ ला, तीही अशी की सुटलेल्याने अजून काही वर्षं जुन्याच मालकाकडे राबायचं. जोतीरावांची गुलामगिरी १८७३ ची. त्यांनी ती अर्पण केलीय अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना सोडवायला झीज सोसली त्यांना. पुण्यात बसून जोतीरावांना अमेरिकेतल्या काळ्या माणसात आणि इथल्या शूद्रातिशूद्रात एकच दुःख दिसलं, आणि आपल्याला दीडशे वर्षांनी दोन डोंगरांपलीकडचं जुनं गोवं दिसत नाही.

दुपारी पर्रा. तिथे बघण्यासारखं एक चर्च आहे आणि फोटोंसाठी प्रसिद्ध झालेला माडांचा रस्ता आहे, पण मी तिथे गेले ते २०१३ साठी. त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पर्र्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, हाणामारी झाली. मग गोव्यात जे सुटलं ते भयंकर होतं. नायजेरियन लोकांना नाही म्हणा, ड्रग्सना नाही म्हणा असे बॅनर लागले. सरकारातल्या एका मंत्र्याने त्यांना कॅन्सरची उपमा दिली, मग दिलगिरी. खून झालेल्याबद्दल दुःख करायला कुणाला वेळ नव्हता.

म्हापशाला दादाच्या ओळखीने एका मुलाला भेटले, पूर्व आफ्रिकेतून शिकायला आलाय. नाव देत नाही, त्यानेच नको म्हटलं. हळू आवाजात, शोधून शोधून शब्द वापरत बोलत होता. फ्लॅट बघायला फोन केला की आहे म्हणतात, दारात गेलं की आत्ताच गेला म्हणतात. बसमध्ये शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहते. रात्री पोलीस थांबवतात तेव्हा बरोबरच्या भारतीय मित्रांना नाव विचारतात आणि याला बॅग उघडायला सांगतात. मी त्याला जुन्या गोव्याच्या बाजाराबद्दल सांगितलं. तो म्हणाला, मी वर्गाबरोबर जुनं गोवं बघून आलो, कुणी बोललं नाही. मग बराच वेळ त्याने काही विचारलं नाही, आणि शेवटी विचारलं ते हे, की ती माणसं पुढे गेली कुठे, त्यांची मुलंबाळं कुठेत?

रात्री घरी यावरून भांडण झालं. वहिनी म्हणाली, अहो ताई, तुम्ही चार दिवस येता, किनाऱ्यावर काय चालतं ते आम्ही बघतो, ड्रग्स विकणारे आहेतच त्यांच्यात. म्हटलं असतील, ड्रग्स विकणारे रशियन आहेत, इस्रायली आहेत, आपले पण आहेत, मग फ्लॅट फक्त काळ्याला का नाकारायचा? बॅनरवर फक्त एकाच देशाचं नाव का? वहिनी चिडली, मी पण आवाज चढवला.

तेवढ्यात मावशी बोलली. मावशी या घरात लग्न होऊन साठ वर्षांपूर्वी आली, तिची मराठी आता अर्धी कोंकणी झालीय. म्हणाली, "बाय, आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, फोंड्याच्या मूळ घरात बांदे होते. पगार नाही, काय नाही, जेवण आणि वर्षाला कापड. बांद्याची बायको घरची, पोरं घरची. त्यातली एक म्हातारी मी आले तेव्हा होती. मागच्या पडवीत निजायची. तिला आडनाव नव्हतं गो, आम्ही कुणी विचारलंच नाही." मग म्हणाली, "ती काळी होती का कशी होती ते मी नाही सांगणार, ती आमची होती इतकंच आम्हाला शिकवलेलं. आमची म्हंजे कशी आमची, ते आज तू बोललीस तेव्हा माझ्या डोक्यात आलं."

वहिनी उठून मावशीजवळ जाऊन बसली. हे घर बऱ्यापैकी मोठ्या भाटकाराचं, म्हंजे जमीनदाराचं, होतं, कूळ कायदा आला, मुंडकार कायदा १९७५ ला आला, जमिनी कसणाऱ्यांच्या आणि घरं राहणाऱ्यांच्या झाल्या, त्याबद्दल या घरात अजून कुरकुर चालते. त्या म्हातारीच्या वाट्याला यातला कुठलाच कायदा आला नाही, ती आधीच गेली.

सोमवार

म्हापशाच्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर गोव्याच्या सीमेपलीकडेच आहे. जे पळू शकले ते घाट चढून जंगलात गेले. आज उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागात आफ्रिकन वंशाचे सिद्दी राहतात, त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि घरात जी भाषा बोलतात ती कोंकणी, तिच्यात मराठी मिसळलेली. त्यांच्यातले शांताराम सिद्दी २०२० ला कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, असा मान मिळालेले ते पहिले सिद्दी. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत असतात, कारण त्यांच्याशी लढाया झाल्या. हे माहीत नसतात.

जायला वेळ नव्हता, पण दादाने सकाळी स्वतःहून फोन फिरवले (इथे मला कळलं की त्याच्या मनात काहीतरी चालू आहे) आणि कळलं की कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत हल्याळकडचं एक सिद्दी जोडपं कामाला आहे. दुपारच्या सुट्टीत त्यांना भेटलो. नवरा लोडिंगला, बायको पॅकिंगला. बाई पहिल्या वाक्यापासून माझ्याशी आमच्या मावशीसारखंच बोलायला लागल्या, कोंकणी-मराठी एकत्र, सूर कानडी, मी चकित होऊन बघत राहिले. म्हणाल्या, आम्ही बोललो की लोक दचकतात, तुम्ही पण दचकला. हसत नव्हत्या.

त्यांना सगळं माहीत होतं. आजोबांच्या आजोबांपासून सांगत आलेत की आपण गोंयच्या लोकांचे होतो आणि पळालो. आता पोटासाठी त्याच गोव्यात येतात. दादले म्हणाले, बसस्टँडवर पोरं नायजेरियन म्हणून ओरडतात. भाड्याच्या खोलीसाठी आधार कार्ड सगळेच दाखवतात, आम्हाला आधार दाखवल्यावर पण विचारतात, हे खरं आहे का? २००३ मध्ये त्यांना तिकडे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. दादा मध्येच म्हणाला, आमच्या गावडा, कुणबी आणि वेळिपांना पण गोव्यात तेव्हाच मिळाला, एकाच दुरुस्ती कायद्याने. हे मला माहीत नव्हतं. संसदेत एकाच कागदावर गोव्याचे मूळचे कष्टकरी आणि गोव्यातून पळालेल्यांची नातवंडं शेजारी शेजारी आली आणि त्याची बातमी म्हणून कुणी नोंद घेतली नाही.

मी त्यांना विचारलं, जुन्या गोव्यात बोर्ड लावला तर त्यावर काय लिहावं? दादले म्हणाले, तुम्हीच लिहा, शिकलेले तुम्ही. बाई मात्र ताबडतोब म्हणाल्या, विकले इतकंच लिहू नका, पळाले ते पण लिहा. आणि अजून एक म्हणाल्या, विकत घेतलं कुणी ते लिहा, नायतर वाचणाऱ्याला वाटेल देवाने केलं.

भोंगा झाला, दोघं आत गेली.

संध्याकाळी दादा, वहिनी आणि मी टेबलावर बसून अर्ज लिहिला. एक प्रत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला, कारण जुन्या गोव्याची बरीचशी स्मारकं त्यांच्याकडे, दुसरी गोवा सरकारच्या पुराभिलेख खात्याला. मागणी साधी आहे, व्हाइसरॉयच्या कमानीच्या आतल्या बाजूला, जिथे रुआ दिरेइता सुरू व्हायचा, तिथे कोंकणी, मराठी, पोर्तुगीज आणि इंग्रजीत एक फलक. मजकुरावर दोन तास गेले. दादाचं म्हणणं, पोर्तुगीज सत्तेने विकले इतकं पुरे, एतद्देशीय सावकार आणि जमीनदार घातले तर लोक भडकतील, अर्ज कचऱ्यात जाईल. वहिनी म्हणाली, मग त्या बाईंना काय तोंड दाखवणार? काल रात्री माझ्याशी भांडलेली वहिनी. शेवटी ते वाक्य ठेवलं, आणि त्याच्या खाली पळून गेलेल्यांचं आणि त्यांचे वंशज आज कुठे आहेत त्याचं वाक्य. मावशीने चष्मा लावून सगळं वाचलं आणि पहिली सही तिने केली.

मंगळवार

सकाळी चोर्ल्याच्या वाटेने बेळगाव आणि तिथून कोल्हापूर. दादा डिसेंबरमध्ये नववीच्या मुलांना जुन्या गोव्याला घेऊन जाणार आहे, त्यासाठी लिन्सखोटेन आणि पिरार्दने बाजाराबद्दल जे लिहिलंय त्याचा दोन पानांचा सोपा मराठी मजकूर त्याला करून पाहिजे, तो मी या आठवड्यात पाठवणार. अर्जाच्या प्रती पण आल्यात, सह्या घेते आहे.

आणि एक मागणं तुमच्याकडे. गोव्यातल्या, सावंतवाडी-वेंगुर्ल्यातल्या, बेळगाव-कारवारकडच्या जुन्या घरांत पेट्यांमध्ये कागद पडून असतात, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, खरेदीखतं, पोर्तुगीजमधले असतील, मोडीतले असतील. त्यात शेत, भांडी, दागिने यांच्या यादीत एखाद्या माणसाचं नुसतं नाव आलेलं दिसलं, आडनाव नसलेलं, तर तो कागद जाळू नका, रद्दीत देऊ नका. पणजीच्या पुराभिलेखागारात दाखवा, ते दफ्तर १५९५ पासून चालू आहे, तिथे मोडी आणि पोर्तुगीज वाचणारी माणसं आहेत. आणि ते नाव कळलं तर मलाही कळवा, फलकाच्या मजकुरात खाली नावांसाठी जागा सोडली आहे.